निगेटिव्ह नवरा, पॉझिटिव्ह बायको

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, गुरांचे डॉक्टर. सरकारी दवाखान्यात नोकरी. माणूस साधा, अबोल, आणि जगात दोनच गोष्टींवर विश्वास ठेवणारा: उकळतं पाणी आणि तपासणीचा रिपोर्ट. पहिल्यावरचा विश्वास त्यांना कधी महागात पडला नाही.

गोठ्यांमध्ये एक आजार असतो, ब्रुसेलोसिस. गाभण गाय पूर्ण दिवस भरायच्या आधीच वासरू टाकते. त्या गाईचं कच्चं दूध प्यायलं, किंवा ते मेलेलं वासरू नि त्यामागून पडणारी वार उघड्या हातांनी काढली, तर तोच जंतू माणसात शिरतो. मग ताप येतो, जातो, पुन्हा येतो. हाडं दुखतात, घामाने कपडे पिळून काढावे लागतात. हे सगळं भावोजी गोठ्यागोठ्यांत जाऊन लोकांना समजावून सांगत, आणि सांगून झालं की बाह्या खांद्यापर्यंत सरकवून स्वतः उघड्या हातांनी वासरू ओढायला बसत. दुसऱ्याला शहाणपण शिकवताना स्वतःसाठी फारसं उरत नाही, हे मी बऱ्याच डॉक्टरांच्या बाबतीत पाहिलंय.

तर त्यांना ताप यायला लागला. संध्याकाळी अंग कसकसायचं, सकाळी माणूस ठीक. पंधरवडाभर असं चाललं की मधे चार दिवस सुखाचे, मग पुन्हा तेच. वर्षभर त्यांनी ते अंगावर काढलं. कंबर धरायला लागली, तेव्हा कुठे त्यांना आपण रोज गोठ्यात काय सांगतो ते आठवलं आणि ते रक्त द्यायला गेले.

ती तपासणी मी नंतर पाहिली आहे. रक्त गोठल्यावर वर उरणारं रक्ताचं पाणी एक थेंब, गुलाबी रंग दिलेल्या मेलेल्या जंतूंचा एक थेंब, दोन्ही एका पांढऱ्या पत्र्यावर मिसळून हलवायचे. आजाराशी झुंजणारी द्रव्यं, ज्यांना अँटिबॉडी म्हणतात, ती रक्तात असली तर थेंबात दाणेदार गुठळ्या दिसतात. भावोजींच्या थेंबात काही दिसलं नाही. थेंब अगदी दुधासारखा एकजीव राहिला. रिपोर्ट निगेटिव्ह.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, अहो पण मला ताप येतोय. भावोजी शास्त्राचे माणूस. ते घरी आले आणि समाधानाने म्हणाले, "ताप आहे, पण तो आजार नाही." आणि घामाने भिजलेला शर्ट बदलायला आत गेले.

त्यानंतर मोठ्या डॉक्टरांची रांग लागली. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, पाठीच्या मणक्यांवर बोट ठेवलं आणि वय झाल्याचं सांगितलं. भावोजी तेव्हा चव्वेचाळीसचे होते. हाडांच्या डॉक्टरांचं वय विचारायची आमची हिंमत झाली नाही, कारण ते साठीचे दिसत होते आणि रोज टेनिस खेळत. पोटाच्या डॉक्टरांना पित्त सापडलं. मनाच्या डॉक्टरांना मन सापडलं. त्यांनी एक गोळी दिली. त्या गोळीने कंबर दुखायची थांबली नाही, पण ती दुखते याचं भावोजींना वाईट वाटेनासं झालं. एवढा गुण आला हे कबूल केलं पाहिजे.

घरातही तपासण्या चालूच होत्या. ताईच्या सासूबाईंचं मत असं, की कागदावर न उतरणारा आजार म्हणजे लहर. लहानपणी शाळेचा तास चुकवायला हा असाच पोट धरून बसायचा, हे त्या येईल त्याला सांगत. ताईच्या धाकट्या दिराचं औषधांचं दुकान आहे. दुकानात बसून बसून तो डॉक्टर झाला, फक्त विद्यापीठाला अजून कळवलेलं नाही. म्हणून मी त्याला मनातल्या मनात बिनपदवी म्हणते. बिनपदवीच्या मते दादाला व्हिटॅमिन कमी पडत होतं, आणि ते नेमकं त्याच्याच दुकानात होतं.

ऑफिसात मोठे साहेब होते. भावोजींच्या रजा वाढल्या तशी साहेबांची झोप कमी झाली, असं साहेबच म्हणायचे. त्यांनी भावोजींना वैद्यकीय मंडळापुढे उभं केलं. मंडळात तीन डॉक्टर. त्यांनी रिपोर्ट पाहिला, फोटो पाहिला, एकमेकांकडे पाहिलं. भावोजींकडे तेवढं पाहायचं राहून गेलं. निकाल लागला: कामास पात्र. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्या स्टाफसमोर त्यांना खुर्ची न देता सांगितलं, "डॉक्टर, जनावरं कामचुकार नसतात. त्यांच्यात राहून काहीतरी शिका."

भावोजींनी घरी येऊन ताईला सांगितलं ते एवढंच, की साहेबांचं एका अर्थी बरोबर आहे, रिपोर्ट तर निगेटिव्हच आहे.

यानंतर वर्षअखेर आली. वरच्या ऑफिसकडे कसलासा निधी उरला होता आणि उरलेला निधी परत करण्यासारखी नामुष्की दुसरी नाही. म्हणून दवाखान्यातल्या सगळ्या स्टाफची आणि त्यांच्या घरच्यांची ब्रुसेलोसिससाठी तपासणी करायचं ठरलं. ताई शाळेत भूगोल शिकवते. शनिवार होता, दुपारी मोकळी होती, नवऱ्याला सोबत म्हणून गेली आणि गेलीच आहे तर हात पुढे केला.

निकाल आला. भावोजी निगेटिव्ह. ताई पॉझिटिव्ह.

आता ताईबद्दल सांगायला हवं. ताईला मी आयुष्यात कधी आडवं पडलेलं पाहिलं नव्हतं. ती तीन जिने पिशव्या घेऊन चढते आणि वर आल्यावर बोलणं जिथे तोडलं होतं तिथून जोडते. ताप नाही, घाम नाही, कंबर तर पोलादाची. पण पंधरा वर्षं भावोजींचे गोठ्यातले कपडे तिनेच धुतले होते, आणि गोठेवाल्यांनी प्रेमाने दिलेलं धारोष्ण दूध घरी यायचं तेव्हा पहिला पेला तिचाच असायचा. उकळायचा नियम भावोजींचा. ते कामावर असले की नियमही कामावर. कधीतरी तो जंतू तिच्या अंगात शिरला असणार, आणि शरीराने त्याला गाजावाजा न करता हाकलून दिलं असणार. भांडण मिटलं तरी चार माणसं नाक्यावर घुटमळत राहतात, तशा अँटिबॉडी मागे राहिल्या होत्या. हे अर्थात आम्हाला पुढे कळलं. तेव्हा कळलं ते इतकंच, की घरात अखेर एक रीतसर आजारी माणूस आहे.

आणि काय ती धावपळ झाली. दोन वर्षं ज्या घरात भावोजींना गरम पाण्याची पिशवी स्वतः भरून घ्यावी लागत होती, त्या घरात ताईसाठी खिडकीजवळचा पलंग रिकामा झाला. सासूबाईंनी तिचा कप वेगळा केला, सूप केलं, वर पांघरूण नीट केलं. बिनपदवीने टॉनिकच्या बाटल्या आणून उशाशी मांडल्या. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी एका फोनवर रजा दिली आणि दुसऱ्या फोनवर धीर दिला. ताई उठू लागली की कोणीतरी तिला परत झोपवायचं.

ती झोपली म्हणजे घरातली कामं उभी राहिली. ती करायला घरात एक ठणठणीत माणूस होताच, तसं प्रमाणपत्र होतं त्याच्याकडे.

मी भेटायला गेले तेव्हा भावोजी स्वयंपाकघरात होते. भांडी घासता घासता त्यांनी दोन्ही हातांनी ओट्याची कड घट्ट धरली होती आणि डोळे मिटले होते. कानामागून घाम मानेवर उतरत होता. मी आल्याचं कळताच ते हसले आणि चहा टाकू का म्हणाले. मी नको म्हटलं. आत ताई तीन उशांना टेकून बसली होती, चेहऱ्यावर सत्याग्रही कैद्याचं तेज.

"मला काही झालेलं नाही तर मला उठू देत नाहीत," ती म्हणाली. "ह्यांना उभं राहवत नाही तर ह्यांना बसू देत नाहीत. कागद उलटा वाचला की काय सगळ्यांनी?"

सासूबाई म्हणाल्या, आजारी माणसाने फार बोलू नये.

त्याच आठवड्यात भावोजी पाण्याने भरलेलं पातेलं उचलताना स्वयंपाकघरात खाली बसले ते बसलेच. पाणी सगळीकडे. ते मात्र अगदी शांत, जणू त्यांना तिथेच बसायचं होतं. सासूबाई दारातून म्हणाल्या की निगेटिव्ह माणसाने इतकं नाटक करू नये, सूनबाईचं बघून तर मुळीच करू नये. ताईने ते पलंगावरून ऐकलं. ती उठली, फडक्याने जमीन कोरडी केली, भावोजींना खुर्चीत बसवलं, बाहेर जायची साडी नेसली आणि जाहीर केलं की आपण मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात दाखवायला निघालो आहोत.

"कुणाला दाखवायला?" सासूबाईंनी विचारलं.

"मला. पॉझिटिव्ह मी आहे ना."

बिनपदवीने तासाभरात गाडी आणली. भावोजींसाठी त्याने कधी सायकलही आणली नव्हती, पण वहिनी पॉझिटिव्ह होती. भावोजी पेशंटचे सोबती म्हणून मागे बसले, मी ताईची बहीण म्हणून पुढे. वाटेत रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला भावोजी ओठ आवळत होते आणि ताई ड्रायव्हरला सांगत होती, "सावकाश हो, मला फार त्रास होतोय."

त्या हॉस्पिटलात तापाच्या आजारांच्या एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. खोली लहान, टेबलावर कागदांपेक्षा पेन्सिली जास्त. ताईने फाइल पुढे केली. बाईंनी ती बाजूला ठेवली आणि ताईला प्रश्न विचारायला सुरुवात केली. ताप? नाही. घाम? नाही. सांधे? ठीक. भूक? ताई म्हणाली की घरी भरपूर सूप पाजतात, म्हणून सांगता येत नाही. बाई हसल्या. मग त्यांनी मान तिरकी करून बाकाच्या टोकाला एका बाजूवर भार देऊन बसलेल्या माणसाकडे पाहिलं.

"आणि हे कोण?"

"मी पेशंटबरोबर आलोय," भावोजी म्हणाले.

"पेशंट कोण ते मला कळलं," बाई म्हणाल्या. "इकडे या."

दोन वर्षांत प्रथमच कोणीतरी भावोजींना आधी विचारलं आणि कागद नंतर पाहिला. त्यांना ते इतकं अनोळखी होतं, की सुरुवातीला ते रिपोर्ट निगेटिव्ह आहे हेच सांगत राहिले. जणू आपण आजारी असू तर तो रिपोर्टचा अपमान होईल. बाईंनी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, त्यांचं रक्त घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला प्रयोगशाळेतच बोलावलं.

तिथे काचेच्या नळ्यांची एक रांग उभी होती. भावोजींच्या रक्ताचं पाणी पहिल्या नळीत जवळजवळ तसंच होतं, दुसरीत निम्म्याने पातळ केलेलं, तिसरीत त्याच्याही निम्मं, असं शेवटपर्यंत. प्रत्येकीत तेच मेलेले जंतू घातले होते. पहिल्या तीन-चार नळ्यांत काही नव्हतं. तिथे थांबलं असतं तर भावोजी पुन्हा एकदा निरोगी ठरले असते. पण पुढच्या नळ्यांच्या तळाशी गुठळ्या बसल्या होत्या, आणि त्या पार लांबच्या नळ्यांपर्यंत होत्या.

बाईंनी सांगितलं ते असं. जुना आजार असला की रक्तात कधीकधी अँटिबॉडींची इतकी गर्दी होते, की प्रत्येक जंतूला दहा-दहा चिकटतात. दोन जंतूंना जोडायला कोणाचाच हात मोकळा राहत नाही, मग गुठळी होतच नाही. गर्दी पातळ केली की खरं काय ते दिसतं.

"म्हणजे आजार नव्हता म्हणून निगेटिव्ह नाही," ताई हळूच म्हणाली.

"फार होता म्हणून," बाई म्हणाल्या.

भावोजी नळ्यांकडे पाहत राहिले. हे त्यांनी कॉलेजात वाचलं होतं. परीक्षेत आलंही होतं. पण ते पुस्तक गाईंचं होतं आणि परीक्षा पास झाल्यावर प्रश्न मिटला होता. मग त्यांनी विचारलं, "माझ्या हातून अशा किती गाई निगेटिव्ह म्हणून गेल्या असतील?"

"गाईंचं नंतर पाहू," बाई म्हणाल्या. "आधी पालथे झोपा."

नव्या तपासणीत दिसलं की जंतूने पाठीचे दोन मणके कुरतडले होते. हाडांच्या डॉक्टरांनी बोट बरोबर जागी ठेवलं होतं, फक्त दोष जंतूऐवजी जन्मतारखेला दिला होता.

ताईला काहीच औषध लागलं नाही. बाई म्हणाल्या, हिच्या रक्तात जुन्या आजाराची आठवण आहे, आजार नाही, आणि आठवणींवर गोळ्या नसतात. हे ऐकून सासूबाईंचा इतका विरस झाला की कप त्यांनी आणखी बरेच महिने वेगळाच ठेवला. भावोजींना मात्र तीन महिने गोळ्या, आणि सुरुवातीला रोज एक इंजेक्शन. गोळ्यांनी लघवी नारिंगी झाली आणि पोटात सतत मळमळ. इंजेक्शन द्यायला बिनपदवी यायचा. सुई टोचताना तो दर वेळी सांगायचा की आपल्याला पहिल्यापासून शंका होती. भावोजी पालथे असल्यामुळे त्यांना उत्तर देता यायचं नाही.

पण गुण आला. आधी घाम गेला. मग ताप गेला. एके दिवशी भावोजी खाली पडलेली किल्ली उचलायला वाकले आणि वाकलेलेच थांबले. आम्ही घाबरलो. ते म्हणाले, काही नाही, दुखतंय का ते बघतोय. सासूबाईंनी याचं सगळं श्रेय सुपाला दिलं. ते सूप ताईने प्यायलं होतं, पण इतक्या बारकाव्यात कोण शिरतं.

औषधं संपली. भावोजी कामावर रुजू व्हायला गेले, तर मोठ्या साहेबांनी ताजा रिपोर्ट मागितला. भावोजींनी दिला. तो पॉझिटिव्ह होता. असायचाच होता, गर्दी ओसरली की गुठळ्या दिसू लागतात आणि अँटिबॉडी आजार गेल्यावर महिनोन्महिने रेंगाळतात, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. साहेबांना बजावायला कोणी गेलं नव्हतं. ते खुर्ची मागे सरकवत म्हणाले की पॉझिटिव्ह माणसाला दवाखान्यात घेणं नियमात बसत नाही. पुन्हा मंडळ. पुन्हा तेच तिघं. या वेळी ताईही गेली, आणि तिने मला नेलं.

मंडळाच्या अध्यक्षांनी रिपोर्ट वाचला आणि मान हलवली. आधी निगेटिव्ह म्हणून पात्र होते, आता पॉझिटिव्ह म्हणून अपात्र. तर्कात कुठेही खोट नव्हती.

भावोजी उभे राहिले. मी त्यांना इतक्या वर्षांत वरच्या माणसापुढे बोलताना पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. "साहेब, मला उभं राहता येत नव्हतं तेव्हा तुम्ही मला कामावर पाठवलंत. आता मी बरा आहे तर घरी पाठवताय. दोन्ही वेळेला मी इथेच, तुमच्यासमोर होतो. एकदा तरी मला विचारायचं होतं."

अध्यक्ष म्हणाले की मंडळ रिपोर्टवर चालतं.

मग ताई बोलली. "मीपण पॉझिटिव्ह आहे," ती म्हणाली. "बरीच वर्षं असणार. शाळेत शिकवते. उद्यापासून मी वर्गात जायचं की नाही, तेवढं सहीनिशी लिहून द्या. मुख्याध्यापिकांना दाखवायला लागेल."

मंडळातल्या तरुण डॉक्टरने तिच्यापासून खुर्ची थोडी लांब घेतली, मग अध्यक्षांनी पाहिलं म्हणून परत जवळ आणली. हा आजार माणसाकडून माणसाला असा होत नाही, असं अध्यक्ष घाईने म्हणाले. ताई म्हणाली, मग तेच लिहा, ह्यांच्याही कागदावर लिहा. तोंडाने सांगितलेलं विसरता येतं, लिहिलेल्याला सही लागते. शेवटी मंडळाने आपल्या परीने धाडस केलं: प्रकरण मार्गदर्शनासाठी वर पाठवलं आणि तोवर भावोजींना हलकं काम द्यावं असं सुचवलं. ते मार्गदर्शन अजून आलेलं नाही. आता येऊ नये अशीच आमची इच्छा आहे.

हलकं काम म्हणजे टेबलावर बसून भागातल्या गोठ्यांचे तपासणीचे निकाल वाचणं. साहेबांना वाटलं, माणूस एका कोपऱ्यात पडून राहील. भावोजींनी तिथे बसून ज्या गोठ्यांत गाई वासरं टाकत होत्या पण निकाल स्वच्छ होते ते गोठे वेगळे काढले आणि त्यांचं रक्त पातळ करून पुन्हा तपासायला लावलं. काही गोठ्यांत आजार निघाला. साहेब फार दुखावले. आपला भाग रोगमुक्त असल्याचं ते दोन वर्षं वर कळवत होते. पण वरच्यांनी उलट दक्षतेबद्दल ऑफिसचं अभिनंदन केलं. साहेबांनी ते नम्रपणे, एकट्याने स्वीकारलं. त्यानंतर भावोजींना गोठ्यांत जायला कोणी अडवलं नाही. ते आता हातमोजे घालतात, खांद्यापर्यंतचे.

सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा त्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. गुठळ्या किती नळ्यांपर्यंत जातात तो आकडा उतरला होता, पण गेला नव्हता. ताईने विचारलं की हा आजार उलटू शकतो म्हणता, आणि रक्त तर असं, मग परत झालं तर आम्हाला कळणार कसं.

"तपासणी करूच," बाई म्हणाल्या. "पण आधी ह्यांना विचारत जा."

ताईने ते मनावर घेतलं. ती रोज सकाळी शाळेत निघताना विचारते, कसं वाटतंय. सुरुवातीला भावोजी न बघता "बरा आहे" म्हणून मोकळे व्हायचे. इतक्या दिवसांची सवय, खरं सांगून उपयोग नसतो अशी. ताई जागची हलायची नाही. पर्स खांद्याला लावून दारात उभी राहायची. परवा मी तिथेच होते. त्यांनी बुटाची नाडी बांधता बांधता हात थांबवला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "कंबर जरा धरलीय. पण काल एका गाईपाशी फार वेळ वाकून होतो, त्याचं असेल. ताप नाही."

"बरं," ताई म्हणाली, आणि तिला बस गाठायची होती म्हणून निघून गेली.